कापून टाकलेली पिवळी केबल

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत. पावस गावच्या एका निवृत्त कारकुनांनी नेटवर्कची केबल तपासायची म्हणून तिची दोन्ही टोकं एकाच कॉम्प्युटरला लावायला घेतली होती, आणि दुसऱ्या टोकासाठी भोकच दिलेलं नाही म्हणून मला झाप झाप झापलं. गुहागरच्या एका वाचनालयात उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून सगळ्या केबलना करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, चोळून ठेवलेलं होतं. प्लग हातात धरला की साबणाच्या वडीसारखा सटकायचा. पण नुसत्या अशा गोष्टींनी पानं भरायची तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा. मला एक चूक सांगायची आहे. ती माझी आहे आणि छापलेली आहे.

आमचा गट लहान. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांना, वाचनालयांना दान म्हणून जुने कॉम्प्युटर येतात. देणारे फोटो काढून जातात, आणि मग ते कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या खोळीत पडून राहतात. ते चालते करणं हे आमचं काम. दुसरं काम, ते का पडून होते हे ओरडून सांगणं. ओरडण्याचं खातं माझ्याकडे. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. एसटीची फेरी बंद केली, पत्रक. दवाखान्यात डॉक्टर नाही, पत्रक. एका पानात बसलं पाहिजे, एसटीत उभ्यानं वाचता आलं पाहिजे, आणि ज्यांनी मला हे शिकवलं त्यांचा सगळ्यात कडक नियम: पत्रकात अपवाद घालायचा नाही. अपवाद घातला की समोरच्याला पळवाट मिळते.

हा नियम मी केबललाही लावला.

झालं असं की एका शाळेत नवे कोरे कॉम्प्युटर वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. नेटवर्कची केबल म्हणजे काय ते आधी सांगते. करंगळीहून बारीक वायर, आत रंगीत आठ तारा, दोन्ही टोकांना पारदर्शक प्लग. प्लगमध्ये आठ तारा ठरावीक क्रमानं बसवायच्या. नेहमीच्या केबलमध्ये दोन्ही टोकांना क्रम एकच. पुरवठादाराच्या माणसानं इथे तारा हाताला येतील तशा कोंबल्या होत्या. मुलं कॉम्प्युटरच्या तासाला बंद खोलीबाहेर बसून पाठ्यपुस्तकातलं कॉम्प्युटरचं चित्र वहीत काढत होती. हे बघून माझं डोकं सणकलं. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं:

"फसवणूक ओळखा! केबलची दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरा. तारांच्या रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा आहे? केबल खरी. क्रम वेगळा आहे? केबल खोटी. ती कापून टाका, म्हणजे कुणी पुन्हा तुमच्या गळ्यात मारणार नाही!"

पहिल्या मसुद्यात याच्याखाली अजून एक ओळ होती. दोन जुने कॉम्प्युटर मध्ये जोडणीचा कुठलाही डबा न ठेवता थेट जोडायचे असतील तर मुद्दाम वेगळ्या क्रमाची केबल लागते, ती कापू नये, अशी. मला ते ठाऊक होतं. कामाच्या पहिल्या महिन्यातच शिकले होते. पण त्या ओळीनं पत्रकाचा जोर जात होता. अशी केबल हल्ली लागते कुणाला, असं म्हणून मीच तिच्यावर काट मारली. पत्रक जिल्हाभर गेलं. कौतुक झालं. मी खूश.

आता कदम गुरुजी.

संगमेश्वरच्या अंगाला एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली नदीलगत खालची वाडी, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वरची वाडी. वर सगळा सच्छिद्र जांभा दगड. विहिरीत पाणी उतरतं तसं निघूनही जातं. नळयोजनेच्या यादीतून वरची वाडी वगळली होती, कारण पाहणी करणाऱ्यानं लिहिलं होतं, "वाडीस विहीर असून पाणी बारमाही आहे." पाहणी केली कधी? ऑक्टोबरात! ऑक्टोबरात सड्यावर कुत्र्यालासुद्धा पाणी मिळतं. या वाडीच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि खालच्या वाडीत राहणारे कदम गुरुजी भांडखोर नव्हते. त्यांनी भांडण केलं नाही, नोंद सुरू केली. वाडीतल्या सुमनकाकीनं रोज सकाळी विहिरीत दोर सोडायचा. दोराला हात हात अंतरावर गाठी आणि टोकाला जुन्या तराजूतलं लोखंडी वजन. किती गाठी भिजल्या ते तिनं फोनवर सांगायचं आणि गुरुजींनी आपल्या कॉम्प्युटरवर लिहायचं. दर महिन्याची एक फाईल. चार वर्षं, रोज. आधी वह्या होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या, म्हणून कॉम्प्युटर.

आमच्या गटानं अर्ज केला, मी पत्रक काढलं, सुनावणी लागली. पहिल्या तारखेला आम्ही स्क्रीनचे मोबाईलवर काढलेले फोटो दाखवले. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "फोटो कुणीही तयार करतो. कोणत्या तारखेला लिहिलंय ते दिसेल अशी मूळ फाईल आणा. मुख्य म्हणजे यंदाच्या एप्रिलची." राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. दुसरी आणि शेवटची तारीख मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, रत्नागिरीत.

सुनावणीच्या सकाळी साडेनऊला मी गुरुजींच्या पडवीत पोचले. गावातून जायची एसटी साडेअकराची. त्यानंतरची थेट चारला. काम दहा मिनिटांचं वाटत होतं.

गुरुजी दारातच म्हणाले, "बाय, एक सांगायचं राहिलं. कॉम्प्युटर आठ दिवस बंद केलेला नाही. आतून टकटक आवाज येतो. बंद केला तर परत सुरू होईल असं वाटत नाही."

मी कान लावला. हार्ड डिस्क टकटकत होती. डिस्क मरायला टेकली की असा आवाज येतो. पेन ड्राईव्ह लावायच्या जागा गेल्या पावसात वीज पडली तेव्हापासून मेलेल्या. सीडीचा कप्पा उघडत नव्हता. इंटरनेट नाही. डिस्क बाहेर काढायची तर मशीन बंद करावं लागणार. मागच्या बाजूला एकच वाट धड राहिली होती, नेटवर्कच्या केबलची.

"काही काळजी करू नका," मी म्हटलं. माझा लॅपटॉपही दानातलाच, जुना, जाड. पण त्याला केबलचं भोक आहे, जे नव्या लॅपटॉपला नसतं, आणि याचा मला अभिमान होता. पिशवीतून माझी निळी केबल काढली. मी स्वतः बनवलेली. सभांमध्ये खरी केबल कशी असते ते दाखवायला हीच हातात धरून उंच करते. एक टोक गुरुजींच्या कॉम्प्युटरला लावलं, दुसरं माझ्या लॅपटॉपला.

केबल नीट जुळली की भोकाशेजारी बारीकसा हिरवा दिवा लागतो. तो लागला नाही.

काढली, फुंकर मारली, परत लावली. दिवा नाही. सेटिंग उघडली, बंद केली. दिवा नाही. इतक्यात सुमनकाकी आली. सुनावणीला यायचं म्हणून धुतलेलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत दोर.

"दोर कशाला आणलास गो काकी?"

"म्हनजे? विचारल्यानी कशानं मोजलंस, तर काय बोट दाखवू?" ती खांबाला टेकून बसली. "झाला काय तुजा?"

"होतंय."

होत नव्हतं. दहा वाजले. मी गुरुजींना म्हणाले, आणि हे लिहिताना मला आजही लाज वाटते, "गुरुजी, केबल माझी आहे. दोन्ही टोकं सारखी आहेत. दोष तुमच्या मशीनचा आहे."

गुरुजींनी मशीनच्या पाठीवर हात ठेवला. काकी बोलली. "मशीन म्हातारा हाय, खोटा नाय."

सव्वादहा. सीलिंग फॅन एकदा मंदावला आणि परत वेग घेतला. मे महिन्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. कॉम्प्युटरखालचा बॅटरीचा डबा किती टिकतो, मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "पूर्वी पाच मिनिटं. आता माहीत नाही." माझ्या तळहातांना घाम सुटला होता. प्लग त्या करंजेलाच्या प्लगसारखे सटकत होते.

आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही मशीन जुनी. मध्ये डबा नाही. थेट जोडणी.

सोपं करून सांगते. केबलमधल्या दोन तारा बोलायच्या, दोन ऐकायच्या. एरवी दोन कॉम्प्युटरच्या मध्ये एक डबा असतो, तो याचं बोलणं त्याच्या ऐकण्यात नेऊन घालतो. डबा काढला आणि दोन्ही टोकं सारखी असलेली केबल लावली, की याचं तोंड त्याच्या तोंडाला आणि याचा कान त्याच्या कानाला. दोघं एकाच वेळी बोलतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. नवी मशीन हे ओळखून आपलं आपण बदलून घेतात. दोघांतलं एक जरी नवं असतं तरी भागलं असतं. जुन्यांना ते येत नाही. त्यांच्यासाठी केबलमध्येच तारांची अदलाबदल करावी लागते, म्हणजे दोन्ही टोकं मुद्दाम वेगळी.

"गुरुजी, कुणाकडे असा डबा असेल? पंचायतीत?"

"पंचायतीत आहे. पण ग्रामसेवक आज तालुक्याला गेलेत, कुलूप आहे." मग म्हणाले, "पूर्वी शाळेतला जुना कॉम्प्युटर आणि हा, दोन्ही एकमेकांना जोडायला एक केबल होती. पिवळी. बसवणारा म्हणाला होता, ही जपा."

"कुठाय?"

गुरुजींनी परसाकडे बोट केलं. तोंडलीचा मांडव होता. वेल ओळीनं बांबूला बांधलेले, आणि बांधायला दोरी नव्हती. पिवळ्या केबलचे वीतवीतभर तुकडे होते.

"कापलीत? का कापलीत?" माझा आवाज चढला.

गुरुजी आत गेले आणि एक कागद घेऊन आले. घडीवर चिकटपट्टी लावून जपलेला. माझं पत्रक. 'कापून टाका' या शब्दांखाली शाईनं सरळ रेघ ओढलेली.

"मी टोकं शेजारी धरून बघितली," ते म्हणाले. "रंग वेगळे निघाले. मला जरा वाटलं होतं की इतकी वर्षं चालली ती खोटी कशी. पण छापलेलं होतं."

त्यांनी हे टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. एका शिक्षकानं छापील शब्दावर विश्वास ठेवला होता, बस. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना जाब विचारलाय. त्या पडवीत जाब विचारावा असं माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

मांडवावरचे दोन प्लगवाले तुकडे मी धावत जाऊन सोडून आणले. पाऊस खाऊन त्यांचे पितळी दात हिरवे झाले होते. निरुपयोगी. राहिली माझी निळी केबल, सभेत उंच करायची ती.

"काकी, अडकित्ता आहे तुझ्याकडे?"

"सुपारी खातंस?"

"दे तर."

काकीनं बटव्यातून अडकित्ता काढून दिला. निळी केबल मी मधोमध कापली. दाताला आणि नखाला काम दिलं, तारा सोलल्या. आठातल्या चारच कामाच्या. एका तुकड्याची नारिंगी दुसऱ्याच्या हिरवीला पिळली, पांढरी-नारिंगी पांढरी-हिरवीला. मग उलट, इकडची हिरवी तिकडच्या नारिंगीला. गुरुजींनी शाळेपासून सांभाळलेल्या प्रथमोपचाराच्या पेटीतली चिकटपट्टी कापून दिली, मी एकेक जोड वेगळा गुंडाळला. एक जोड दोनदा सुटला.

काकी वाकून बघत होती. "म्हनजे याचा तोंड त्याच्या कानाला लावतंस?"

"हो."

"आनि इतका वेळ?"

मी शेवटचा जोड गुंडाळून केबल उचलली.

लावली. हिरवा दिवा लागला. गुरुजींनी नमस्कारच केला, मला नव्हे, दिव्याला. पुढचं काम किरकोळ. दोन्ही मशीनना एकाच वाडीतले दोन घरनंबर द्यायचे म्हणजे ती एकमेकांना शोधतात. अकराला दहा कमी असताना मी चार वर्षांचं ते सगळं फोल्डर उचललं आणि इकडे ओढलं. डिस्क टकटक करत वाचत होती, अडत होती, परत वाचत होती. पहिलं वर्ष आलं. दुसरं आलं. तिसरं. काकी महिन्यांची नावं माझ्या मागून म्हणत होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.

बॅटरीचा डबा ओरडायला लागला. एक शिट्टी, थांबा, एक शिट्टी. या वर्षाचा जानेवारी आला. शिट्ट्या जवळ जवळ यायला लागल्या. फेब्रुवारी. "मार्च," काकी म्हणाली. मार्च आला. मग एक लांब शिट्टी झाली आणि गुरुजींच्या पडद्यावर अंधार.

एप्रिल आला नाही.

ज्या महिन्यासाठी सगळी लढाई होती तो महिना. सगळ्यात आधी तोच उचलायला हवा होता, ही माझी दुसरी चूक. आणि वाया घालवलेला तास वाचला असता तर दोन्ही चुका झाकल्या गेल्या असत्या. सव्वाअकराला लाईट आली. मशीन सुरू झालं नाही. टकटकसुद्धा नाही.

एसटीत काकी खिडकीशी बसली, तिच्या मागच्या बाकावर मी आणि गुरुजी. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी नवी फाईल उघडली, वर लिहिलं, एप्रिल. तारखा घातल्या, आणि पहिल्या तारखेपुढे 'कोरडी'.

"काय करतेस?" गुरुजींनी विचारलं.

"एप्रिल भरते. खोटं काहीच नाही यात. विहीर रोज कोरडी होती, तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे."

"आज लिहिलेलं आजच्या तारखेचं असतं, बाय. ते तुझं मशीनच सांगेल."

"मशीनची तारीख मागे नेता येते."

मी हे बोलले. लिहून ठेवते.

गुरुजी काही म्हणायच्या आत काकी मागे वळली. "रोज नाय."

"काय रोज नाही?"

"रोज कोरडी नव्हती. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी अर्धी गाठ ओली होती. वळवाचे चार थेंब पडले होते. मी सांगितला, गुरुजींनी लिवलानी." ती माझ्या पडद्याकडे बघत होती, तिला वाचता येत नाही तरी. "तू कोरडी लिवलंस तर माजा तो दिवस खोटा."

मी फाईल पुसली. अर्ध्या गाठीचा तो एक दिवस वाडीच्या विरुद्ध जात होता, तरी त्या बाईनं तो सांगितला होता, गुरुजींनी लिहिला होता. आणि मी, अपवाद नको म्हणणारी, दुसऱ्यांदा त्याच्यावर काट मारायला निघाले होते.

तीन वाजता साहेबांसमोर फाईली उघडल्या. त्यांनी शांतपणे तारखा तपासल्या. कुठेच खोट नव्हती. मग विचारलं, "एप्रिल?"

सभेत मला शब्द शोधावे लागत नाहीत. तिथे लागले. मी म्हटलं, "एप्रिल गेला, साहेब. मशीन मेलं. वेळेत काढता आला असता, पण त्यासाठी लागणारी केबल यांनी कापून टाकली होती. आणि ती माझ्या पत्रकात कापा म्हटलं होतं म्हणून."

"पत्रक आहे जवळ?"

नसेल कसं? पिशवीत गठ्ठा होता. साहेबांनी एक घेतलं, पूर्ण वाचलं, हसले नाहीत, आणि टाचणी लावून प्रकरणाच्या कागदांत जोडलं. शेरा लिहिला, एप्रिलची नोंद उपलब्ध नाही, कारण सोबत जोडले आहे. माझी सरकारी दप्तरात गेलेली पत्रकं बरीच आहेत. माझ्या चुकीचा पुरावा म्हणून गेलेलं हे एकच.

"एप्रिल मी धरू शकत नाही," ते म्हणाले. "मे अजून संपलेला नाही. मी येतो."

मला वाटलं, हे येणार नाहीत. मनातल्या मनात पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा तयार केला. ते पाचव्या दिवशी आले, भर दुपारी, सड्यावरून पायी. काकीनं दोर त्यांच्याच हातात दिला. "तुमीच सोडा." दोर सुटत गेला, गाठी एकेक करून कठड्यावरून खाली गेल्या, आणि लोखंडी वजन कातळावर टण्णकन आपटलं. साहेबांनी दोर वर ओढला. सगळ्या गाठी हातानं चाचपल्या. मग आपली बाटली उघडून पाणी प्यायला गेले आणि काकीच्या हंड्यांकडे बघून झाकण परत लावलं.

वरची वाडी यादीत आली. पाईप रस्त्याकडेला येऊन पडलेत. पाणी आलेलं नाही, आणि मला सरकारी कामाचा अनुभव आहे, म्हणून नोंद थांबलेली नाही. पत्रक मी पुन्हा छापलं. ती काट मारलेली ओळ आता सगळ्यात वर, जाड अक्षरात आहे. वाचायला जड जातं, जोर कमी झालाय, आमच्यातले दोघं तसं म्हणालेही. म्हणोत. पहिली प्रत गुरुजींना नेऊन दिली. त्यांनी ती वाचली, घडी केली आणि जुन्या पत्रकाच्या घडीतच ठेवली.

गुरुजींचं मशीन गेलं, त्यामुळे सकाळचा फोन आता मला येतो. माझ्या टेबलावर लॅपटॉपशेजारी तसाच एक जुना, दानातला कॉम्प्युटर मांडलाय, आणि दोघांच्या मध्ये ती निळी केबल, मधोमध चिकटपट्टीचं गाठोडं असलेली. नवी बनवायला मला पाच मिनिटं लागतील. बनवत नाही.

आज सकाळी फोन आला.

"तीन गाठी," काकी म्हणाली. "लिवलंस काय गो?"

"लिहिलं."

"दोनी मशिनीत?"

मी हिरव्या दिव्याकडे बघितलं. "दोन्हीत, काकी."

"मग ठेव," म्हणाली.